ज्यांना चालता येतं, त्यांनी इकडं या

थ्रामू ला थॉला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवायची तीसुद्धा उभ्याने, ताटली हातात धरून, भात आणि बांबूच्या कोंबांचं पातळ कालवण भुरकत माणसं मोजत. बारा शिकणारे, दोन स्वयंपाकी, दोन पहारेकरी आणि थ्रा ब्लूट डो. सतरा. मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून. कारेन लोकांच्या मुलखात, सालवीन नदीच्या या काठावर, शिकवणाऱ्या बाईलाही थ्रामू म्हणतात आणि सुई टोचणाऱ्या बाईलाही; पुरुष असला तर थ्रा. ला थॉ दोन्ही कामं करायची, बावीस वर्षं करत आली होती, आणि झोपायची ती बूट घालूनच.

तिचं काम सांगायला सोपं होतं. डोंगरातल्या गावांमधून माणसं यायची. कुणी सुईण, कुणी शाळेत शिकवणारं, कुणी नुसतंच धीट. लष्कराचं विमान येऊन गेलंय, गाव जळतंय, वाट बंद आहे, पेटीत दहा जणांपुरतं औषध आहे आणि समोर चाळीस जखमी पडलेत, तर पहिला हात कुणाला लावायचा, हे त्यांना एकवीस दिवसांत शिकवायचं. त्यासाठी एक पुस्तक होतं आणि जुन्या लुंग्या फाडून रंगवलेल्या चार रंगांच्या पट्ट्या होत्या. आत्ता हात लावला नाही तर जाईल तो लाल. थोडा थांबू शकेल तो पिवळा. चालता येतं तो हिरवा. ज्याच्यासाठी आता काही करता येत नाही त्याला काळी. जो शिकून पास होईल त्याला पत्र्याची निळी पेटी मिळायची, औषधांनी भरलेली. पेटी आपली नाही, गावाची, असं सगळे मानत. नापास झालं तर गावाला तोंड कसं दाखवायचं, ही धास्ती प्रत्येकाच्या पोटात असायची.

सतराव्या दिवशी सराव होता. शाळेमागच्या सागाच्या झाडीत गावातली वीस-पंचवीस माणसं जखमी म्हणून आडवी केली होती आणि प्रत्येकाच्या छातीवर कागद लावला होता. पाय तुटला. श्वास लागला. शुद्ध नाही. रक्तासाठी पानाची पिंक वापरायची, आणि ती पुरवायचं काम मू न्या आजीचं. आजी सत्तरीच्या पुढची, दात रंगून काळे झालेले, दर खेपेला न बोलावता सरावाला हजर. दर खेपेला ती एकच जखम मागून घ्यायची. तिच्या कागदावर लिहिलेलं असायचं, 'पोटात तुकडा शिरला आहे. आत रक्त वाहतं आहे.'

त्या दिवशी पाळी होती नॉ सेर वाची. सव्वीस वर्षांची, गावच्या शाळेत मुलांना अक्षरं शिकवणारी, चार दिवस चालून आलेली. तिच्या गावात साठ घरं होती आणि गावचा औषधवाला दोन वर्षांपूर्वी सुरुंगावर पाय पडून गेला होता. पोरगी हुशार. नाडी अचूक मोजायची, टाके नीट घालायची. पण मोठ्या माणसाशी बोलताना तिची नजर जमिनीवरून वर यायची नाही.

पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ती मधोमध उभी राहिली आणि जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाली, "ज्यांना चालता येतं, त्यांनी इकडं या! हिरव्या चटईवर बसा!"

झालं, सगळेच उठले. तुटक्या पायाचा लंगडत आला. श्वास लागलेला धापा टाकत आला. शुद्ध नसलेल्याने एक डोळा उघडून पाहिलं आणि सगळे निघालेत म्हटल्यावर तोही अंग झटकून उठला.

"अरे, तू बेशुद्ध आहेस ना!" थ्रा ब्लूट डो ओरडला.

"बाई बोलावतायत, थ्रा. झोपून राहणं बरं दिसतं का?"

मू न्या आजी एका हाताने पोट आणि दुसऱ्या हाताने लुंगी सावरत चटईवर येऊन टेकली. सेर वा तिच्यापुढे वाकली.

"आजी, कुठं लागलंय का?"

"छे गं. तू जेवलीस का?"

"जेवले, आजी."

"मग बरं. त्या पोराकडे बघ जा आधी. मला काय धाड भरलीय."

सेर वाने आजीच्या मनगटावर हिरवी पट्टी बांधली आणि ती पुढे गेली. तेवढ्यात झाडीतून थ्रामू ला थॉ तीरासारखी आली.

"कागद वाचलास?"

"वाचला, थ्रामू."

"काय लिहिलंय?"

"पोटात तुकडा."

"मग हिरवी कशी बांधलीस?"

"आजी चालत आल्या. काही झालं नाही म्हणाल्या."

"म्हणाल्या! त्या म्हणाल्या आणि तू ऐकलंस! मेली ती! तू तिकडं खरचटलेली ढोपरं पुसत बसलीस आणि ही इथं, तुझ्या पाठीमागे, तुझीच पट्टी हातात बांधून मेली!"

"अजून जरा वेळ आहे की मला," आजी म्हणाली आणि बाजूला पिंक टाकली. सगळे हसले. थ्रामूला हसू आलं नाही. तिने आजीच्या मनगटावरची हिरवी पट्टी ओढून काढली.

इकडच्या माणसांची भीड हा एक स्वतंत्र आजार आहे, आणि त्याच्यावर निळ्या पेटीत गोळी नाही. उपाशी पोटी दुसऱ्याच्या घरी गेलेला माणूस इथं 'आत्ताच जेवून आलो' सांगतो. गरोदर बाई कळा सुरू झाल्या तरी सुईणीची झोप मोडायला नको म्हणून उजाडेपर्यंत दात आवळून पडून राहते. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या मुलखात जखमी माणसं बोंबा मारत असतील, म्हणून त्यांनी बिनघोर लिहून टाकलं, चालतो तो बरा. इथं माणूस फाटलेलं पोट हाताने धरून चालत येतो, आणि वर तुम्हालाच विचारतो की दमलात का म्हणून.

दुपारी थ्रा ब्लूट डो तिच्यापुढे सहीचा कागद घेऊन बसला. तो डॉक्टर, या सगळ्या कारभाराचा प्रमुख. डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा. बोलताना तो काढून शेजारी ठेवायची त्याची सवय होती.

"पुस्तकाप्रमाणे पोरगी बरोबर आहे. सही कर."

"नाही करणार."

"साठ घरं आहेत, ला थॉ."

"म्हणूनच नाही करणार. साठ घरं तिच्यापुढे 'आम्हाला काही झालं नाही' म्हणत मरतील आणि ही मान डोलावेल. एकविसाव्या दिवशी पुन्हा परीक्षा घेते तिची."

ब्लूट डोने लाकडी पायावरची माती नखाने खरवडली. "सहा वर्षं बघतोय मी तुला. लाल पट्टीचा माणूस आला की तू दगडासारखी शांत असतेस. हिरव्या चटईवर कुणी बसला की वेडीपिशी होतेस. झालंय तरी काय तुला?"

"काही नाही झालं," थ्रामू म्हणाली आणि उठून माणसं मोजायला गेली. आजार तिलाही तोच होता.

काय झालं होतं ते एवढंच. सहा वर्षांपूर्वी, भात कापून झाल्यावर, गावच्या कोठाराजवळ बॉम्ब पडला. एकतीस जखमी आणि थ्रामू एकटी. तिने ओरडून सांगितलं, चालता येतं त्यांनी इकडं या. त्यांच्यात सॉ कामू चालत आला. शाळेतला मास्तर, रविवारी चर्चमध्ये सर्वांत वरच्या पट्टीत गाणारा. अंगात लाल विणीचा कारेन अंगरखा. "लागलंय का, कामू?" तिने पळता पळता विचारलं. "नाही, थ्रामू. तुम्ही तिकडं बघा." तिने हिरवी पट्टी बांधली. तो चटईवर बसून रडणाऱ्या मुलांना कोडी घालत होता, तेही तिने लांबून ऐकलं आणि तिला बरं वाटलं. दीड तासाने ती परत आली तेव्हा तो खांबाला टेकून बसला होता, डोळे अर्धे उघडे, पट्टी मनगटावर जशीच्या तशी. तिने त्याला आडवं केलं तेव्हा अंगरखा पाठीला चिकटलेला लागला. लाल कापडावर लाल दिसत नाही.

कामू म्हणजे मू न्या आजीचा एकुलता एक मुलगा. चौथ्या दिवशी आजी एक भोपळा घेऊन आली. "एवढ्या माणसांचं केलंस, दमली असशील," म्हणाली. थ्रामूने तो भोपळा शिजवला आणि खाल्ला, कारण न खाणं बरं दिसलं नसतं. पट्टीचं तिने आजीला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवसापासून तिला बसवत नव्हतं.

अठराव्या दिवशी सेर वा ओढ्यावर पट्ट्या धुवत होती. थ्रामू शेजारी उभी राहून वाळलेल्या पट्ट्यांच्या घड्या घालत होती.

"थ्रामू, रागावू नका. एक विचारू?"

"विचार."

"मोठं माणूस म्हणतं मला काही झालं नाही. त्याला खोटं कसं म्हणायचं? माझी तर जीभच उचलत नाही."

थ्रामू थांबली. पोरीने पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"जिभेला कोण विचारतंय? हात आहेत ना तुला? हात घाल. अंगरख्याच्या आत, पुढून, मागून, काखेत. आपल्या कपड्यांवर रक्त दिसत नाही, तळव्यावर दिसतं. मग नाडी बघ. मग ओठांचा रंग. तोंड काय म्हणतंय तिकडं लक्ष देऊ नकोस. आणि हिरव्यांकडे तीनदा जायचं. एकदा नाही, तीनदा."

"पुस्तकात एकदाच लिहिलंय."

"पुस्तक मरत नाही, सेर वा."

पोरीने पट्टी पिळली. हिरवं पाणी दगडावरून वाहून गेलं. "कुणी गेलं होतं का, थ्रामू? तुमच्या हातून?"

"जा, जेवून घे," थ्रामू म्हणाली.

विसाव्या दिवशी, सकाळी, तांदूळ चुलीवर असताना घंटा वाजली. घंटा म्हणजे न फुटलेल्या बॉम्बचं रिकामं कवच, आंब्याला टांगलेलं. ती रविवारी वेगळी वाजते आणि विमान आलं की वेगळी, लहान मुलालाही फरक कळतो. सगळे खंदकांकडे धावले. थ्रामू खंदकाच्या तोंडाशी उभी राहून एकेकाला खाली ढकलत मोजत होती. चौदा, पंधरा. सेर वा सोळावी. मू न्या आजी वाटेत चप्पल शोधत होती. थ्रामूने तिला दंडाला धरून खेचलं, खाली ढकललं, आणि तेव्हाच जमीन हलली. कुणीतरी मागून कमरेवर धोंडा मारावा तसं तिला वाटलं. ती गुडघ्यावर आली. मग उठली.

बॉम्ब स्वयंपाकघर आणि गावच्या वाटेमध्ये पडला होता. धूर, माती, जळका भात. एक स्वयंपाकी गेला होता, गावातली एक बाई गेली होती. बाकीचे पडले होते किंवा कण्हत होते, आणि पुष्कळसे कण्हतही नव्हते.

"पेट्या! पट्ट्या!" थ्रामू ओरडली. "जोड्या करा! सेर वा, हिरवी चटई तुझी!"

मग पहिल्यांदाच बारा जणांनी ते खरोखर केलं. थ्रामूने एका माणसाच्या मांडीवर पट्टा आवळला, एका मुलीच्या तोंडातली माती बोटाने काढली, कुणाला इकडे उचला, कुणाला तिकडे, असं सांगत राहिली. मध्येच तिला थंडी वाजली. उन्हात थंडी कसली, असं मनाशी म्हणून तिने एक खांब धरला. कमरेवरचा धोंडा जड झाला होता. जरा टेकू या, पोरांचं चाललंय व्यवस्थित, असं तिला वाटलं, आणि बसायला म्हणून ती हिरव्या चटईकडे गेली. चालत गेली. एवढ्या गडबडीत स्वतःचं रडगाणं कुणापुढे गायचं, मुलांचे पाय तुटलेत तिकडं, असं तिच्या मनात आलं. आणि कामूला अगदी असंच वाटलं असणार, हेही त्याच क्षणी तिला कळलं. कळूनही ती गप्प बसली.

सेर वा चटईवरच्यांकडे दुसऱ्या खेपेला आली होती. एकेकाच्या अंगरख्यात हात घालत होती. थ्रामूपाशी येऊन ती थबकली.

"थ्रामू, तुम्ही बसलात?"

"जरा दम खाते. जा, त्या पोराला बघ."

"लागलंय का?"

"नाही गं. चालत आले ना मी. जा म्हटलं ना!"

सेर वाने मान खाली घातली. थ्रामूला वाटलं, गेली आता. पोरगी गेली नाही. तिने थ्रामूच्या खांद्यावर हात दाबून तिला मागे टेकवलं आणि दुसरा हात लाल अंगरख्याखाली, पाठीमागे घातला. शिकवणाऱ्या बाईच्या अंगाला असा हात! एरवी असं केलं असतं तर गावाने चार दिवस तोंडात बोटं घातली असती. हात बाहेर आला तेव्हा तळवा माखलेला होता.

"सेर वा, मी तुला सांगते—"

"बोलू नका." आवाज तिचा नव्हताच. दोन बोटं मनगटावर होती आणि ओठ हलत होते. मोजत होती. "नाव सांगा."

"तुला माहीत नाही माझं नाव?"

"नाव सांगा म्हणते ना!"

"ला थॉ."

"आज वार कोणता?"

थ्रामूला वार आठवला नाही. सेर वाने दातांनी लाल पट्टी फाडली, तिच्या मनगटावर आवळली आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, "झोळी आणा! लाल! इकडं लाल!"

झोळीतून ओढ्यापर्यंत, ओढ्यापासून होडीने सालवीनच्या पलीकडच्या काठावर, आणि तिथून दवाखान्यात. तुकडा डाव्या बरगडीखाली शिरला होता. आणखी अर्धा तास चटईवर बसली असती तर पुढे काय, हे डॉक्टरांनी तिला सांगितलं नाही आणि तिने विचारलंही नाही. तिला ते पाठ होतं.

आठ दिवसांनी थ्रा ब्लूट डो आला. पाय काढून खाटेखाली ठेवला आणि कागद पुढे केला. थ्रामूने पडल्या पडल्या सही केली.

"पोरगी पेटी घेऊन गेली," तो म्हणाला. "तुझी सही नसताना मीच दिली. आता काय करशील ते कर. आणि पुस्तकात मी पेनाने एक ओळ घातलीय. हिरव्यांकडे तीनदा."

"अक्षर नीट काढलंस का?"

"तेवढं जमलं असतं तर डॉक्टर नसतो झालो!"

दुसऱ्या दिवशी मू न्या आजी आली. होडीने, मग तीन तास पायी. कडेवर भोपळा. तो तिने खाटेच्या पायथ्याशी ठेवला आणि जमिनीवर बसून पान लावायला घेतलं. थ्रामूने त्या भोपळ्याकडे पाहिलं आणि तिला राहवेना.

"आजी, कामूला मी हिरवी पट्टी बांधली होती."

आजीने चुना बोटावर घेतला. "माहीत आहे."

"मी हात घालून बघितलं नाही. तो नाही म्हणाला आणि मी निघून गेले. माझ्यामुळे गेला तो, आजी. मी तुमचा भोपळा खाल्ला आणि सांगितलं नाही."

"मी तिथंच होते गं. त्याच्या शेजारीच बसले होते." आजीचं बोट पानावर तसंच थांबलं. "मला म्हणाला, आई, पोटात फार दुखतंय. मी म्हटलं, थ्रामूला हाक मारू का? म्हणाला, नको, त्यांच्यापुढे पोरं आहेत. मी नाही मारली हाक. मलाही वाटलं, एवढ्या कामात कुठं त्रास द्यायचा तुला. मग तो कोडी घालायला लागला. मला वाटलं, बरं वाटतंय त्याला, म्हणून पोरांसाठी पाणी आणायला गेले."

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेली.

"म्हणून तर येते मी सरावाला," आजी म्हणाली. "पोट फाडून घ्यायला."

"पण आजी, दर वेळी तुम्ही उठून चालत येता. विचारलं की नाही म्हणता."

"म्हणतेच. बघते, कुणी थांबवतंय का. सहा वर्षांत कुणी थांबवलं नव्हतं. त्या पोरीने तुला थांबवलं." तिने पान तसंच खाली ठेवलं. मग थ्रामूच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, चादरीच्या मुठी केलेल्या तिच्या हातांकडे पाहिलं. "तुला दुखतंय का गं?"

थ्रामूच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं. "हो," ती म्हणाली.

"फार?"

"फार दुखतंय, आजी." आणि ती लहान मुलीसारखी रडायला लागली.

आजी गुडघ्यांवर हात टेकून उठली. दारापाशी गेली. बाहेर नर्स कामात होत्या, एकीच्या हातात सुया होत्या, दुसरी कुणाला तरी उचलत होती. आजी क्षणभर चौकट धरून उभी राहिली. मग तिने हाक मारली. पहिली हाक घशातच राहिली. दुसरी एवढी मोठी निघाली की सगळ्या खाटांवरची माणसं वळून बघायला लागली.